कोरडा डोंगर कसा चढावा : देऊळघाटहून साल्हेरच्या माथ्यापर्यंत

बुलढाणा जिल्ह्यात गावांचे सरळ दोन भाग पडतात : घाटावरची आणि घाटाखालची. पैनगंगेच्या काठचं देऊळघाट हे घाटावरचं. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे गेलेल्या प्रत्येकाने अजिंठ्याच्या डोंगररांगेची ही कड एसटीच्या खिडकीतून पाहिलेली असते. याच काळ्या दगडाची पुढची, उंच आणि आडबाजूची रूपं पाहायची तर पश्चिमेला नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात जावं लागतं. तिथला साल्हेर समुद्रसपाटीपासून १,५६७ मीटर उंच आहे. राज्यात कळसूबाईनंतर (१,६४६ मीटर) त्याचाच क्रमांक लागतो, आणि किल्ल्यांपुरतं बोलायचं तर तो सर्वांत उंच.

हा प्रदेश वाळवंट नाही. पण पावसाळा सरला की ओढे आटतात, गवत पिवळं पडतं, आणि चढणाऱ्यासाठी वाळवंटातल्या डोंगराशी फारसा फरक उरत नाही. सावली थोडी, पाणी थोडं आणि मदत लांब. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी क्रमाने सांगतो.

आधी डोंगर वाचावा

आपला डोंगर थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत आला आणि थंड होऊन थरावर थर बसले. प्रत्येक थराचा गाभा घट्ट आणि कणखर असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र आणि ठिसूळ. काही थरांच्या मध्ये तांबड्या मातीची पट्टीही दिसते. जिल्ह्याबाहेर न जाता हे समजून घ्यायचं असेल, तर लोणारच्या विवराची भिंत काठावरून नीट पाहावी.

घट्ट गाभ्याचा कडा होतो, ठिसूळ भागाचा उतार होतो. त्यामुळे लांबून डोंगर कडा, उतार, पुन्हा कडा असा दिसतो. उतारावर पाय सांभाळायचे, कड्यावर हात वापरायचे. पावसाचं पाणीही सच्छिद्र थरातून झिरपून खालच्या घट्ट थरावर अडतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे : पायाखाली कोणता थर आहे ते ओळखावं आणि चाल त्याप्रमाणे बदलावी.

दिवस आणि तास ठरवावेत

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. मार्चपासून काळा कातळ सकाळी नऊ-दहालाच तापू लागतो आणि खालूनही झळ मारतो. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये उद्यानाचे रक्षक उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात उतरण-चढण टाळायला सांगतात. उन्हाळ्याच्या दिवसांत आपणही तोच नियम धरावा.

वेळेचा अंदाज काढायला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा आडाखा उपयोगी आहे : दर ५ किलोमीटर चालीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. समजा, जाऊन-येऊन १० किलोमीटर आणि चढ ७०० मीटर आहे. चालीचे दोन तास, चढाचा एक तास दहा मिनिटं. ऊन, घसरण आणि नवखे पाय यांसाठी त्यात निम्मी भर घाला : पावणेपाच तास. थांबे धरून सहा. पहाटे सहाला निघालात तर बारा वाजतात.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे परतीची वेळ न ठरवणं. निघण्यापूर्वीच सगळ्यांसमक्ष एक वेळ ठरवावी, साडेनऊ किंवा दहा. माथा हाताशी दिसत असला तरी त्या वेळेला वळायचं. वर गेल्यावर ठरवू म्हटलं, की कोणीच ठरवत नाही.

पाणी आणि मीठ

हिवाळ्यात माणशी किमान ४ लिटर, ऊन चढू लागल्यावर ५ ते ६ लिटर पाणी न्यावं. प्रत्येकाचं पाणी प्रत्येकाच्या पाठीवर असावं. सगळ्या बाटल्या एकाच पिशवीत भरल्या आणि तो गडी पुढे निघून गेला, की मागच्यांची पंचाईत होते.

नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही. घामातून मीठ जातं. वर सतत साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ कमी होऊन डोकं दुखतं, मळमळतं, भोवळ येते. ओआरएसची पाकिटं न्यावीत. ती नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, एवढं पुरतं. जोडीला खारे शेंगदाणे, फुटाणे, लिंबू.

साल्हेरच्या माथ्याजवळ गंगासागर नावाचं मोठं टाकं आहे. पण वरच्या पाण्याच्या भरवशावर बाटली रिकामी करू नये. टाक्यातलं पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकूनच प्यावं. निम्मं पाणी संपलं आणि माथा अजून लांब असेल, तर ती परतीची खूण समजावी.

पाय, कपडे, सराव

नक्षीदार तळव्याचे, घोट्याला घट्ट बसणारे बूट घ्यावेत. कपाटात वर्षभर पडून राहिलेला बूट डोंगरात तळवा सोडतो, म्हणून आदल्या आठवड्यात ते घालून दोन-तीनदा लांब चालावं. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी आणि डोक्या-मानेला गुंडाळायला दुपट्टा हवा. वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यांत घुसतात. लांब पँट त्यावर उपाय.

सरावासाठी पाठीवर पाच-सहा किलो ओझं घेऊन गावाजवळच्या टेकडीवर चढ-उतार करावा. मात्र बुलढाणा आणि खामगावच्या मधल्या ज्ञानगंगा अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. तिथे अस्वलं आणि बिबटे आहेत. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघही शेकडो किलोमीटर चालून तिथेच पोचला होता.

वाघांब्याला पोचणं

घाट उतरून मलकापूर, तिथून रेल्वेने मनमाड, मग रस्त्याने सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर आणि साल्हेरच्या पायथ्याचं वाघांबे. आदल्या संध्याकाळी पायथ्याला पोचून मुक्काम करावा. रात्रभर प्रवास करून पहाटे चढणं म्हणजे थकलेल्या पायांनी सुरुवात. गावातला वाटाड्या घ्यावा, त्याची मजुरी आधी ठरवावी. किती जण चाललो आणि कधी परतणार, हे मुक्कामाच्या घरी आणि आपल्या घरी दोन्हीकडे सांगून ठेवावं.

गाव ते खिंड

वाघांब्याहून वाट साल्हेर आणि त्याचा जोडीदार सालोटा यांच्या मधल्या खिंडीकडे चढते. चुकामूक बहुतेकदा इथेच होते, कारण गुरांच्या चालण्याने पडलेल्या ढोरवाटा ठिकठिकाणी फुटतात. मळलेली दिसते म्हणून वाट खरी, असं नसतं. ढोरवाट बहुधा आडवी जात चाऱ्याशी संपते. खिंडीची वाट थोडी वळली तरी पुन्हा वर चढू लागते. दहा मिनिटं चढ लागला नाही, तर मागच्या फाट्यावर परत यावं.

प्रत्येक फाट्यावर मागे वळून पाहावं आणि एक फोटो काढावा. उतरताना तीच जागा ओळखू येत नाही.

घसारा

ठिसूळ थराचा उतार म्हणजे घसारा : सुटी खडी, मुरूम आणि वर वाळलेलं गवत. चढताना पाऊल पूर्ण टेकवावं, पावलं छोटी ठेवावीत, वाट नागमोडी घ्यावी. आधाराला गवत धरू नये, ते मुळासकट हातात येतं. झुडूप धरायचंच तर बुंध्याशी, आणि आधी ओढून पाहून.

एकाच्या थेट खाली दुसऱ्याने उभं राहू नये. पायाखालचा दगड सुटला तर लाज न बाळगता ‘दगड!’ असं ओरडावं. तो कोणालाच लागणार नाही असं वाटलं तरी ओरडावं.

पायऱ्या आणि कातळ

खिंडीच्या वर घट्ट थर सुरू होतो, आणि किल्ला बांधणाऱ्यांनी तो कोरून पायऱ्या आणि दरवाजे काढले आहेत. पायऱ्या मध्यभागी झिजलेल्या आहेत आणि त्यांवर बारीक खडी ज्वारीचे दाणे सांडल्यासारखी पसरलेली असते. पाऊल टाकण्याआधी बुटाच्या टोकाने ती बाजूला सारावी आणि पायरीच्या आतल्या कोपऱ्यात पाऊल टेकवावं.

हात लावायची वेळ आली की तीन आधारांचा नियम पाळावा. दोन हात, दोन पाय या चारांपैकी एका वेळी एकच हलवायचा, उरलेले तीन पक्के. भार पायांवर ठेवावा. हात तोल सांभाळायला असतात, शरीर वर खेचायला नाहीत.

पकड धरण्याआधी दगडावर मुठीने ठोकून पाहावं. खणखणीत आवाज आला तर तो कड्याचा भाग आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर तो सुटत चाललेला आहे. त्याच्या नादी लागू नये. पकड खाली दाबावी, स्वतःकडे ओढू नये. आणि जे आपल्याला उतरता येणार नाही, ते चढूच नये. चढताना पुढची पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना ती पायाखाली दडते. कातळात अडकणाऱ्यांपैकी बरेच जण याच कारणाने अडकतात.

आणखी एक धोका डोक्यावर असतो : कपारीतली आग्या मोहोळं. अत्तर लावून जाऊ नये, धूर किंवा शेकोटी करू नये, आरोळ्या ठोकू नयेत. माश्या उठल्याच तर दुपट्ट्याने तोंड-मान झाकून, हात न झटकता, आल्या वाटेने लांब व्हावं. मात्र कड्याच्या टोकाला धावत सुटू नये.

कड्याखालची आडवी वाट

पुढे वाट कड्याच्या पोटातून आडवी जाते. एका हाताला कातळ आणि कोरलेल्या गुहा, दुसऱ्या हाताला दरी. इथे चढ कमी म्हणून माणूस सैल पडतो. पाठपिशवीला आडवी बांधलेली चटई कातळाला घासली, तर धक्का दरीकडे बसतो. ती उभी बांधावी. फोटोसाठी चालता चालता मागे सरकू नये. विसावा आणि खाणं गुहेच्या सावलीत उरकावं.

माथा

वरच्या दरवाजातून आत गेल्यावर पठार लागतं. गवतात वाट हरवते, म्हणून दरवाजा नेमका कुठे आहे ते पाहून ठेवावं. गंगासागराच्या पुढे शेवटचा चढ चढला की परशुरामाचं छोटं देऊळ. खाली पसरलेल्या मुलखात १६७२ साली मराठ्यांनी मोगल फौजेला उघड्या मैदानात हरवलं होतं. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत साल्हेरही आहे. दगडावर नाव कोरणं, रंग फासणं हा नुसता वाह्यातपणा नाही, गुन्हा आहे.

उतरणं

थकलेले पाय आणि ‘झालं आता’ ही भावना एकत्र येते, तेव्हा माणूस घसरतो. घसाऱ्यावर भीतीने मागे झुकू नये. मागे झुकलं की पाय पुढे निसटतात. गुडघे किंचित वाकवून भार पावलांवर ठेवावा आणि आडवी, छोटी पावलं टाकावीत. कातळात मात्र तोंड दगडाकडे करून, शिडी उतरतो तसं उतरावं.

कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, तर त्याला ऊन बाधलं आहे असं धरावं. सावलीत बसवून कपडे सैल करावेत, मान, काखा आणि डोकं ओलं करून वारा घालावा. शुद्धीवर असेल तरच घोट घोट पाणी द्यावं. शुद्ध हरपत असेल तर अंग गार करणं न थांबवता १०८ ला फोन लावावा. रेंज नसेल तर दोघांना मिळून गावात पाठवावं, एकट्याला नको.

गावात पोचल्यावर ज्यांना सांगून निघालात त्यांना परतल्याचं कळवावं आणि कचरा सोबत न्यावा. मग वहीत चार आकडे लिहावेत : खिंडीला, दरवाजाला, माथ्याला किती वाजता पोचलो आणि पाणी किती लागलं. पुढच्या डोंगराचा हिशेब मांडताना नेस्मिथच्या आडाख्यापेक्षा हे आकडे जास्त कामाला येतील.