शिशावरची चॉकलेटी साय

सुरतच्या उधन्यातल्या हार्ड क्रोमच्या एका लहान कारखान्यात गेलो तेव्हा टाकी दोन दिवस बंद होती. रबरी हातमोजे घातलेले कारागीर शिशाच्या पट्ट्या ओल्या ठेवून तारेच्या ब्रशने घासत होते. पट्ट्यांवर पिवळा-नारिंगी थर होता. "चालू टाकीत या चॉकलेटी असतात," त्यांतले मूळचे नंदुरबारकडचे एक काका म्हणाले. "बंद राहिली की पिवळ्या पडतात, मग करंटच घेत नाहीत." (हा थर सुका घासू नये, शिसे आणि क्रोमियम, दोन्ही विष.)

घासलेल्या पट्ट्या टाकीत टांगल्या, समोर एक भंगार रोलर लटकवला आणि रेक्टिफायर चढवला. रोलरभोवती फेस उसळला. नाव क्रोम चढवण्याचे, पण या टाकीत विजेचा जेमतेम पाचवा हिस्सा क्रोमला लागतो. बाकीची वीज रोलरवर हायड्रोजन काढते, आणि शिशाकडे पाण्यातून ऑक्सिजन निघतो. म्हणजे मुख्यतः पाणीच फुटते!

हा ऑक्सिजन नुसत्या शिशावर निघत नाही. करंटच शिशावर लेड डायऑक्साइडची चॉकलेटी साय धरतो आणि पुढचे काम ती साय करते. द्रावणात तयार होणारे त्रिसंयुजी क्रोमियम पुन्हा षट्संयुजी करण्याचे कामही तिचेच. करंट थांबला की साय आणि खालचे शिसे यांची आम्लात बारीकशी बॅटरी बनते. ऑक्साइड खचते, त्या जागी लेड क्रोमेट बसते, आणि ते वीज नीट वाहू देत नाही.

उधन्यापासून फार दूर नसलेल्या हजिऱ्यात 2022 साली एल अँड टीने दिवसाला 45 किलो हरित हायड्रोजनचा प्रकल्प सुरू केला. तिथेही पाणीच फोडतात, पण अशा यंत्रांमध्ये शिसे नसते. अल्कधर्मी प्रकारात निकेल असते, पडदा-प्रकारात इरिडियमचे ऑक्साइड. दुखणे मात्र याच जातीचे. अल्कधर्मी यंत्र थांबले की सामाईक द्रावणातून उलटा प्रवाह वाहतो आणि निकेलवरचे ऑक्साइड मोडते. इरिडियम चालू असतानाही झिजते, पण चालू-बंदच्या फेऱ्यांत पृष्ठभाग पुन्हा पुन्हा बदलून जास्त विरघळते. जगात वर्षाला ते काही टनच निघते, आणि सौरवीज तर रोज संध्याकाळी थांबणारच.

म्हणून हायड्रोजनचे यंत्र विकणारा "इतके हजार तास चालते" म्हणाला, तर त्याला आधी विचारावे: त्यात किती वेळा बंद केले होते?