‘मिळावे’ आणि ‘मिळेल’ : प्रसूतिरजेनंतरच्या अर्जाची भाषा

प्रसूतिरजा संपवून कामावर परतलेल्या स्त्रीने कामाचे तास कमी करून मागणे, हा विषय वरवर पाहता कायद्याच्या कक्षेतला वाटतो. परंतु ही मागणी ज्या अर्जाने केली जाते तो अर्ज एक भाषिक कृती होय, आणि तिचे यश बऱ्याच अंशी शब्दयोजनेवर अवलंबून असते. प्रस्तुत टिपणात त्या शब्दयोजनेचाच विचार करावयाचा आहे.

मराठी अर्जातील क्रियापद बहुधा विध्यर्थी असते : ‘मिळावे’, ‘मंजूर व्हावे’. विध्यर्थाचे क्षेत्र व्यापक आहे. ‘वडिलांचे ऐकावे’ यात कर्तव्य आहे, ‘रजा द्यावी’ यात याचना आहे. रूप मात्र एकच. कायद्याची मराठी याहून निराळी. तेथे बंधन ‘देईल’ या रूपाने आणि ऐच्छिकता ‘देता येईल’ या रूपाने व्यक्त होते. अर्जदार सर्वच गोष्टी विध्यर्थात लिहितो. त्यामुळे जे देय आहे आणि जे केवळ मागावयाचे आहे, त्यांतील भेद लोपतो. शब्दसंग्रहही याला साहाय्यक ठरतो. ‘रजा’ या अरबी शब्दाच्या मुळाशी संमतीचा अर्थ आहे. ‘हक्क’ हाही अरबीच. पण अर्जात तो क्वचितच आढळतो.

आता देय काय, ते पाहू. मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ साली झाला. १९६१ च्या केंद्रीय अधिनियमाने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीखेरीज, स्तनपानासाठी रोज दोन विराम दिले आणि त्यापोटी वेतन कापण्यास मनाई केली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस पाळणाघर आणि तेथे दिवसातून चार भेटी बंधनकारक झाल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये अंतर्भूत आहेत. ही सारी ‘देईल’ची क्षेत्रे. कामाच्या स्वरूपानुसार रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद मात्र ‘देता येईल’ या कोटीतली, परस्पर संमतीवर सोडलेली. तास कमी करण्याविषयी संहिता मौन आहे.

या मौनाचा अर्थ कळंबोलीत स्पष्ट दिसतो. तेथील लोखंड-पोलाद बाजारातील एखाद्या लहान पेढीत हिशेब लिहिणाऱ्या स्त्रीचे घर जवळ असते. परंतु पेढीत दहापेक्षा कमी माणसे असतील, तर दुकानांना व आस्थापनांना लागू होणारी ही तरतूद तिच्यापर्यंत पोहोचत नाही. उलट, कळंबोलीहून फोर्टमधील मोठ्या कचेरीत जाणाऱ्या स्त्रीला कायदा लागू आहे. पण मूल घरी असल्यास त्या दोन विरामांचा तिला उपयोग कोणता? तिला हवे असते ते सायंकाळी लवकर निघणे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २००० सालच्या मातृत्वसंरक्षण करारात विराम किंवा दैनिक तासांत कपात असे दोन्ही पर्याय मान्य असून तो वेळ सवेतन धरला आहे. भारताने त्या कराराला अनुसमर्थन दिलेले नाही. ब्रिटनमध्ये कामाची वेळ बदलून मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. तेथे मागणी मान्य होईलच असे नाही. पण मालकाला तिचा रीतसर विचार करून ठराविक मुदतीत उत्तर द्यावेच लागते. विनंतीलाही हक्काचे अधिष्ठान देता येते, हे यावरून दिसते.

आपल्याकडे असे अधिष्ठान नाही, तोवर अर्जाची भाषा काटेकोर हवी. पहिला परिच्छेद निवेदनाचा असावा : ‘मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत मला देय असलेले दोन विराम मी अमुक वेळी घेईन.’ दुसरा विनंतीचा : ‘ते एकत्र करून सायंकाळी लवकर जाण्याची अनुमती मिळावी’, अथवा ‘अमुक तारखेपर्यंत कामाचे तास सहा करावेत’. तास कमी झाल्यास वेतनाचे काय, हेही तेथेच लिहावे व लेखी उत्तर मागावे. ज्या पेढीला कायदा लागू नाही, तेथे पहिला परिच्छेद गळतो. म्हणून दुसऱ्यात मुदत, वेळ आणि कामाची व्यवस्था अधिकच स्पष्ट हवी.

अशा विभागणीने नम्रता उणावत नाही. विनंती नाकारली गेली, तरी तिच्यासोबत हक्क नाकारला जात नाही, एवढाच तिचा लाभ; आणि तान्ह्या मुलाच्या आईला तो अल्प नव्हे.