कोशिकांतर्गत स्रावमार्ग
कोशिकांतर्गत स्रावमार्ग : कोशिकेत (पेशीत) तयार होणारी काही प्रथिने बाहेर स्रवली जातात, तर काही तिच्या बाह्य पटलात बसविली जातात. निर्मितीस्थानापासून तेथपर्यंतच्या त्यांच्या क्रमबद्ध वाटचालीस स्रावमार्ग म्हणतात. कोशिकेतील अंगके सुटी नसून परस्परावलंबी असतात, हे या मार्गावरून स्पष्ट होते.

कार्यपद्धती : केंद्रकातील डीएनएवरून तयार झालेला संदेशक आरएनए केंद्रकपटलातील छिद्रांवाटे बाहेर येतो व त्यानुसार रिबोसोमांवर ॲमिनो अम्लांची साखळी गुंफली जाते. साखळीच्या आरंभीच्या संकेतखंडामुळे रिबोसोम आंतर्द्रव्य जालिकेच्या पटलाला जोडला जातो आणि साखळी जालिकेत शिरते. तेथे तिला योग्य घड्या पडतात व बहुधा शर्करा-घटकही जोडले जातात. नंतर पटलवेष्टित सूक्ष्म पुटिकांमधून प्रथिने गॉल्जी पिंडात जातात. तेथे त्यांच्यात आणखी बदल होऊन बाह्य पटल, स्रावकण वा लयकारिका यांपैकी योग्य स्थळी त्यांची रवानगी होते. लांबच्या वाहतुकीत पुटिका सूक्ष्मनलिकांवरून सरकतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या संयुगापासून मिळते व ते मुख्यत्वे कलकणूंमध्ये तयार होते.

संशोधन : जे. डी. जेमीसन व जी. ई. पॅलेड यांनी गिनीपिगाच्या अग्निपिंडाच्या (स्वादुपिंडाच्या) कापांना किरणोत्सर्गी ल्यूसीन थोडा वेळ पुरवून त्याचा माग काढला (१९६७). ते प्रथम जालिकेत, नंतर गॉल्जी पिंडाच्या परिसरात व सु. दोन तासांनी स्रावकणांत आढळले. पॅलेड यांना ए. क्लॉड व सी. द द्यूव्ह यांच्यासमवेत १९७४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. संकेतखंडाविषयीच्या कार्यासाठी जी. ब्लोबेल यांना १९९९ मध्ये, तर पुटिका-वाहतुकीच्या नियमनाविषयीच्या संशोधनासाठी जे. ई. रॉथमन, आर. डब्ल्यू. शेकमन व टी. सी. झ्यूडहोफ यांना २०१३ मध्ये हेच पारितोषिक देण्यात आले.

वैद्यकीय महत्त्व : सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या सर्वांत सामान्य प्रकारात क्लोराइड-वाहक प्रथिनातील ५०८ व्या स्थानचे एकच ॲमिनो अम्ल गळालेले असते. घडी सदोष असल्यामुळे बहुतेक प्रथिन जालिकेतच अडवले जाऊन नष्ट केले जाते. वस्तुतः पटलापर्यंत पोहोचल्यास ते काही अंशी काम करू शकते. परंतु ते न पोहोचल्यामुळे श्लेष्मा घट्ट होऊन फुप्फुसांतील श्वासनलिका व अग्निपिंडाच्या वाहिन्या तुंबतात. घडी सुधारून हे प्रथिन पटलापर्यंत पोहोचण्यास मदत करणारी औषधे २०१५ पासून उपलब्ध झाली आहेत. अशा प्रकारे अंगकांच्या परस्परसंबंधाचे ज्ञान रोगोपचारास थेट उपयोगी पडले आहे.