उंची कोठून मोजायची?

शहापूर तालुक्यातील भातसा धरण तुम्हांला ठाऊक असेलच. त्यातले पाणी स्थिर दिसते. मग त्यात ऊर्जा कोठून येते? एक किलोग्रॅम पाणी १० मीटर वर चढवायला सुमारे ९८ ज्यूल कार्य करावे लागते. तेवढीच स्थितिज ऊर्जा त्यात साठते. धरणाचे दार उघडले नाही, तरी हे कार्य झालेलेच असते.

आता एका माणसाचा विचार करू. आपल्या शेजारच्या कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले, ते दहा दिवसांतच दगावले. स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हवी, हे त्यांनी तेव्हा ओळखले. १८८३ साली त्या बोटीने अमेरिकेस गेल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फिया येथे एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना उरला होता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच शोधला होता. त्यावरचे स्ट्रेप्टोमायसिन मात्र १९४३ साली सापडले.

भौतिकीतील मोझली १९१५ साली २७ व्या वर्षी युद्धात मारले गेले. पण अणुक्रमांकाचे त्यांचे संशोधन मागे राहिले. आनंदीबाईंना तर दवाखाना चालवायलाही वेळ मिळाला नाही. मग त्यांचा गौरव कशासाठी?

येथे दोन चुका होतात. कोणी त्यांनी असंख्य रुग्ण बरे केले असे लिहितात. ते खरे नाही. कोणी सारे वाया गेले म्हणतात; तेही बरोबर नाही. उंची मोजताना आधी शून्य पातळी ठरवावी लागते. मुलींना अक्षरओळखही नाकारणाऱ्या समाजापासून एम.डी.पर्यंतची त्यांची चढण मोजा. ते कार्य पुरे झाले होते. त्याबरोबरच कोल्हापूरच्या स्त्रियांना त्या लाभल्या नाहीत, ही हानीही मान्य करा.

शुक्रावरील सुमारे ३४ किलोमीटर व्यासाच्या एका विवराला त्यांचे नाव दिले आहे.

आता हे करून पाहा. शाळेच्या फलकावर पहिल्या आलेल्यांची नावे असतात. दहावीआधीच शाळा सुटलेल्या एखाद्या मुलामुलीची शून्य पातळी कोठे होती, याचा गुरुजींबरोबर विचार करा. मग त्यांची उंची मोजा.