नवी वेबसाइट गुगलवर का सापडत नाही?

वेबसाइट सुरू केली, गुगलवर नाव टाकलं, तर पत्ताच नाही! गुगलचा रोबो लिंक धरून पानापानांवर फिरतो. नव्या वस्तीत वाट दाखवल्याशिवाय पोस्टमन पोचत नाही, तसंच हे. गुगलच्या ‘सर्च कन्सोल’ या मोफत साधनात साइटची मालकी सिद्ध करून साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, देता येते. गुगलनं कुठलं पान नोंदलं, कुठलं का वगळलं, तेही तिथं दिसतं. (कधी ‘नोंदवू नका’ ही सूचना आपल्याच साइटमध्ये राहून गेलेली असते.) खरी गंमत शोधशब्दांच्या अहवालात. गेल्या १६ महिन्यांत लोकांनी काय शोधलं तेव्हा आपलं पान दिसलं, कितींनी उघडलं, ते समोर येतं. पान दिसतं पुष्कळ, पण उघडत कुणी नाही? मग साइट गुगलवर वर आणून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देण्याआधी शीर्षक बदलून पाहा. बिंगचंही असंच मोफत साधन आहे.