लाटसाहेबांचा फोटो आणि आपली आजी



घरच्या ट्रंकेत तळाला एखादा जुना, पिवळा पडलेला फोटो असतो. नऊवारीतली बाई, कडेवर मूल. ‘ही कोण गं?’ म्हणून विचारलं, तर घरात कुणालाच सांगता येत नाही. आज अशाच फोटोंबद्दल बोलू. पण आधी जरा लंडनला जाऊन येऊ.

लंडनमध्ये 1856 साली नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी नावाचं संग्रहालय स्थापन झालं. तिथं नामवंत माणसांचे चेहरे जपतात. राजेराण्या, लेखक, पुढारी. 1917 पासून तर मोठ्या माणसांचे फोटो मुद्दाम काढून ठेवायला सुरुवात झाली. चित्रात कोण आहे, ते कुणी काढलं, कधी काढलं, याची नोंद ठेवतात.

त्या संग्रहात जॉर्ज लॉइड यांचेही फोटो आहेत. हे ब्रिटिश पार्लमेंटचे खासदार होते. 1918 ते 1923 या काळात ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर, म्हणजे आपले लाटसाहेब. भोरकडच्या भाटघर धरणाला त्यांचंच नाव दिलं होतं.

त्यांच्याच काळात आपल्या मुळशीत टाटा कंपनीच्या धरणाचं काम सुरू झालं. वीज हवी होती मुंबईला आणि पाण्याखाली जाणार होती आपल्या खोऱ्यातली सुमारे 50 गावं. सरकारनं कंपनीसाठी जमिनी ताब्यात घ्यायचा कायदा लावला. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. बायकाही त्यात उतरल्या, तुरुंगात गेल्या.

लॉइडसाहेबांचा चेहरा लंडनमध्ये जपलेला आहे. बापटांचा चेहरा 1977 साली टपालाच्या तिकिटावर आला. पण त्या बायकांपैकी एकीचा तरी चेहरा आपल्यातल्या किती जणींनी पाहिलाय? ज्यांची शेतं, चुली, देवळं पाण्यात गेली, त्यांना फोटो काढायला कोण बोलावणार?

कोण मोठं, हे तिथं गॅलरीवाले ठरवतात. आपल्या घरात ते आपणच ठरवायचं.

म्हणून आमचं एक सांगणं आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक जुना फोटो आणावा. सोबत गावातल्या म्हाताऱ्या आजींना बोलवावं, कारण माणसं ओळखणाऱ्या त्याच. फोटोच्या मागे कडेला, मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहावं: नाव, माहेर, सासर, अंदाजे साल. बॉलपेन दाबून लिहू नये, पुढे वळ उठतात. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशनही करू नये. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तेव्हा फोटो कागदी पाकिटात घालून कोरड्या डब्यात ठेवावा. तीच माहिती गटाच्या वहीतही उतरवावी.

आणि हो, गटाचा यंदाचा फोटो काढाल, तेव्हा त्यावरही सगळ्यांची नावं लिहा. नुसतं ‘सर्व महिला’ असं लिहू नका.