मुठेलातलं स्टिअरिक आम्ल

कोकणात एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचं काम निघतं. सालांची आमसुलं होतात, रसाचं आगळ होतं आणि मागे बियांचा ढीग उरतो. रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर या फळाची खरी श्रीमंती त्या ढिगात आहे.

बिया वाळवून कुटतात आणि पाण्यात उकळतात. वर आलेला तेलाचा तवंग काढून घेतात आणि निवताना तो गोठू लागला की मुठीत दाबून त्याचे पांढरट गोळे वळतात. हे मुठेल, कुठे त्याला भिरंडेल म्हणतात. उन्हाळ्यात खोबरेलाची बाटली पातळ झालेली असते, तेव्हाही मुठेलाचा गोळा टणक असतो. खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं, मुठेलाला ४० अंशांच्या आसपास उष्णता लागते.

गंमत अशी, की दोन्ही मेद बहुतांशी संतृप्तच. पण खोबरेलात मुख्यतः १२ कार्बनांचं लॉरिक आम्ल असतं, तर मुठेलात ५५ ते ६० टक्के स्टिअरिक, म्हणजे १८ कार्बनांची सरळ साखळी. लांब, सरळ साखळ्या मोळीतल्या काटक्यांसारख्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. त्यांना सुटं करायला जास्त उष्णता हवी. तुपात स्टिअरिक जेमतेम १०-१२ टक्के, कोको बटरमध्ये ३५ टक्क्यांच्या घरात.

मुठेलाचा उरलेला भाग बहुतेक ओलेइक आम्लाचा. त्यात एक दुहेरी बंध असल्याने साखळीला बाक येतो. बऱ्याचशा रेणूंत दोन कडांना स्टिअरिक आणि मध्ये ओलेइक अशी रचना असते. कोको बटरमध्येही याच घडणीचे रेणू असल्याने दोन्ही मेद एकमेकांत छान मिसळतात. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेट नियमांत कोको बटरखेरीज ज्या सहा वनस्पतिज मेदांना ५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यांत कोकम आहे, साल वृक्षाचं बी आहे आणि आंब्याची कोयसुद्धा.

टाचांच्या भेगांत मुठेल गरम करून भरतात, त्यामागेही वितळण्याचंच गणित. त्वचेचं तापमान त्याच्या वितळणबिंदूहून कमी, म्हणून ते भेगेत पुन्हा गोठतं आणि आतला ओलावा धरून ठेवतं.

आहारातही स्टिअरिक वेगळं वागतं. त्याहून दोनच कार्बन कमी असलेलं पामिटिक आम्ल रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतं, स्टिअरिक सहसा वाढवत नाही. शरीरातलं एक विकर नवव्या आणि दहाव्या कार्बनजवळचे दोन हायड्रोजन काढून काही स्टिअरिकचं ओलेइक करून टाकतं. पाकिटावर मात्र पामिटिक आणि स्टिअरिक ही दोन्ही आम्लं 'संतृप्त मेद' या एकाच आकड्यात मोजली जातात.